परदेशी व्यावसायिकांचे परवाने : गोठणगाव–कुरखेडा परिसर

परक्या देशाच्या माणसाला भारतात राहून धंदा करायचा तर ज्या सरकारी परवानग्या लागतात, त्यांची ही नोंद. ‘कामपरवाना’ नावाचा एकच कागद आपल्याकडे नाही. व्यापारासाठी बिझनेस व्हिसा, पगारी नोकरीसाठी एम्प्लॉयमेंट व्हिसा आणि मुक्काम लांबला की नोंदणी. मोठ्या शहरांत नोंदणीची स्वतंत्र कार्यालये आहेत; इतरत्र हे काम जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे असते, कुरखेड्यापुरते गडचिरोलीच्या.

कुरखेड्याला या विषयाचे जितेजागते उदाहरण शेजारीच आहे. तालुक्याची हद्द ओलांडली की गोंदिया जिल्ह्याचा अर्जुनी मोरगाव तालुका लागतो. तिथे इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगावला, १९७२ मध्ये नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. आसपासच्या लोकांसाठी तो ‘तिबेटी कॅम्प’. वसाहतीत धानाची शेती होते. पण भारतभरच्या तिबेटी वसाहतींप्रमाणे इथेही हातात रोकड येते ती मुख्यतः हिवाळ्यातल्या स्वेटरच्या धंद्यातून. माल लुधियानाच्या ठोक व्यापाऱ्यांकडून, बराचसा उधारीवर उचलायचा, थंडीचे महिने शहरातल्या तिबेटी मार्केटात दुकान लावायचे आणि हंगाम संपला की उधारी चुकती करायची. ही उधारी अनेक वर्षांच्या विश्वासावर चालते. दुकानाची जागा मात्र कागदावर मिळते.

तो कागद म्हणजे आरसी, नोंदणी प्रमाणपत्र. तिबेटी माणसाकडे साधारण तीन दस्तऐवज असतात. पोलिसांकडून मिळणारी आरसी राहण्याचा आधार. परराष्ट्र खात्याचे पिवळे ओळखपत्र परदेश प्रवासासाठी. आणि धर्मशाळेच्या तिबेटी प्रशासनाचे हिरवे पुस्तक, ज्यात ऐच्छिक वर्गणीची नोंद होते. हिरव्या पुस्तकाला सरकारदरबारी परवान्याची किंमत नाही. आरसीची मुदत संपली की नूतनीकरण. भारतात जन्मलेल्यांना आणि वीस वर्षांहून अधिक काळ राहिलेल्यांना २०१२ पासून ते पाच वर्षांनी करावे लागते. त्याआधी दरवर्षी खेटे घालावे लागत.

केंद्राच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने आरसीच्या आधारे कोणताही व्यवसाय करू द्यावा, त्यासाठी व्यापार परवाने द्यावेत, असे राज्यांना सांगितले. शिक्षक, परिचारिका, डॉक्टर, अभियंता, सनदी लेखापाल अशा नोकऱ्याही त्यात आल्या. धोरण चांगले आहे. पण ते कायदा नव्हे आणि अंमल राज्यांच्या हाती आहे. इथेच जन्मून म्हातारा झालेला दुकानदार अजूनही मुदतीच्या कागदावर धंदा करतो, हे अन्यायाचे आहे.

नागरिकत्वाची वाट आहे, तीही सरळ नाही. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच भारतीय ठरतो. नामग्याल डोलकर यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे तिबेटींनाही लागू केले. मात्र २०१७ मध्ये पासपोर्टसाठी आरसी परत करण्याची, वसाहत सोडण्याची आणि तिबेटी प्रशासनाच्या सवलती नाकारण्याची अट पुढे आली. घर, शेत आणि शेजार वसाहतीतच असलेल्या कुटुंबाने हा सौदा करायचा कसा?

नोंदणीचा कायदाही आता बदलला आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून १९३९ चा परदेशी नागरिक नोंदणी कायदा आणि १९४६ चा परदेशी नागरिक कायदा रद्द होऊन त्यांच्या जागी २०२५ चा इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्ट लागू झाला. परदेशी नागरिकांच्या नोंदणीची तरतूद त्यातही आहे.