अडीच इंचांचा इतिहास : लॅपटॉपची परवडणारी हार्ड डिस्क कशी निवडावी?

इतिहासाच्या धाग्यात हार्ड डिस्क कशाला, असे काहींना वाटेल. त्यांनी मावळातल्या एखाद्या इतिहासवेड्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप उघडून पाहावा. कान्हे स्थानकातून पुण्याच्या दिशेने निघाले की पहिलेच स्थानक वडगाव. जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी कोंडीत सापडलेल्या इंग्रजांना तह करायला लावला तो इथेच. उलट दिशेला कामशेत मागे टाकले की मळवली, म्हणजे कार्ले आणि भाजे. लेण्यांची छायाचित्रे, गडांवरच्या भटकंतीच्या नोंदी, घरच्या पेटीतल्या मोडी कागदांचे स्कॅन, हे सारे एका जुन्या लॅपटॉपमधल्या फिरत्या तबकडीवर साठवलेले असते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेख जवळपास दोन हजार वर्षे टिकले. त्यांची छायाचित्रे ज्या डिस्कवर आहेत ती मात्र काही वर्षांतच कुरकुरू लागते. मग बदली डिस्क शोधावी लागते, आणि तीही विद्यार्थ्याच्या खिशाला झेपेल अशी. कोणती घ्यावी, हे समजून घ्यायला जरा मागे जावे लागेल.

पहिली हार्ड डिस्क १९५६ ची, आयबीएमच्या ‘रॅमॅक’ संगणकाबरोबर आलेली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन एका टनाच्या घरात, आणि क्षमता जेमतेम ५ मेगाबाइट. आजच्या मोबाइलने काढलेले एखादे छायाचित्रही त्यात मुश्किलीने मावले असते. यंत्र भाड्याने मिळे. भाडे महिन्याला सुमारे ३,२०० डॉलर. (याच सुमारास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टीआयएफआरएसी’ हा संगणक घडत होता. १९६० मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्याची मुख्य स्मृती होती १० किलोबाइट. ती डिस्क नव्हे, पण काळाचे माप कळावे म्हणून सांगितले.)

पुढची गोष्ट आकुंचनाची आहे. १९८० मध्ये सीगेटने सव्वापाच इंची डिस्क आणली, १९८३ मध्ये स्कॉटलंडच्या रोडाइमने साडेतीन इंची, आणि १९८८ मध्ये प्रेअरीटेक या अमेरिकन कंपनीने अडीच इंची. त्या शेवटच्या डिस्कची क्षमता होती २० मेगाबाइट. प्रेअरीटेक फार काळ तगली नाही; तिचे माप मात्र तगले. लॅपटॉपच्या डिस्कची लांबी-रुंदी तेव्हापासून आजतागायत तीच राहिली. आत काय आहे ते पार बदलले, बाहेरचा साचा तोच. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपला आजची डिस्क बसते, ती या हट्टी साच्यामुळेच. बदली डिस्क स्वस्त मिळण्याचे मूळही माझ्या मते इथेच आहे. प्रत्येक कंपनीने आपापले माप रेटले असते, तर जुना लॅपटॉप डिस्कबरोबरच भंगारात गेला असता.

तरी दोन गोष्टी बदलल्याच, आणि खरेदीत लोक फसतात ते तिथे. पहिली जोडणी. जुन्या ‘आयडीई’ डिस्कला बारीक टाचण्यांच्या दोन रांगा असत. २००३ च्या सुमारास आलेल्या ‘साटा’ डिस्कला चपटी पट्टी असते. एक दुसरीच्या जागी बसत नाही. दुसरी गोष्ट जाडी. साडेनऊ मिलिमीटरच्या खाचेत सात मिलिमीटरची डिस्क बसते, उलट होत नाही. आणि ४-५ टेराबाइटची अडीच इंची डिस्क पाहून हुरळू नये. ती १५ मिलिमीटर जाड असते.

आता २०११. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस थायलंडमध्ये महापूर आला. बांग पा-इन येथील वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्यात गेला. डिस्क फिरवणाऱ्या मोटारी बनवणारे कारखानेही सापडले. बांग पा-इन अयुथ्या प्रांतात येते. अयोध्येवरून नाव घेतलेली ही सयामची जुनी राजधानी १७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने उद्ध्वस्त केली. तेव्हा आपल्याकडे थोरल्या माधवरावांची कारकीर्द चालू होती. जगातल्या हार्ड डिस्कचा फार मोठा वाटा या देशातून येत असल्याने पुराचा फटका दूरवर बसला आणि किमती भराभर चढल्या. डिसेंबर २०११ मध्ये सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल यांनी अनेक डिस्कची हमीची मुदतही घटवली. त्याच सुमारास सॅमसंगचा डिस्क व्यवसाय सीगेटकडे आणि हिताचीचा वेस्टर्न डिजिटलकडे गेला. उरले ते दोघे आणि तोशिबा. दुकानात आज फिरत्या डिस्कची तीनच नावे दिसतात, त्याचे कारण हे.

स्वस्ताईची दुसरी बाजू २०२० मध्ये उघड झाली. तबकडीवरचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवले की कमी तबकड्यांत जास्त माहिती मावते. पण मधले एक कौल बदलायचे तर शेजारची हलवावी लागतात, तसे इथे पुन्हा लिहिणे मंदावते. हे तंत्र कंपन्यांनी ठळकपणे न सांगता काही डिस्कमध्ये वापरले होते, म्हणून ओरड झाली. एकदा भरून कपाटात ठेवायला अशी डिस्क चालते. रोजच्या कामाला ती रडवते.

रोजच्या कामासाठी उत्तर वेगळे आहे. जपानमध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश स्मृती शोधली. तिच्यापासून बनलेली एसएसडी त्याच अडीच इंची साच्यात, त्याच साटा जोडणीसह मिळते. फिरणारा एकही भाग नसल्याने जुना लॅपटॉपही तरतरीत होतो. म्हणून माझा कौल असा : लॅपटॉपच्या आत २५० किंवा ५०० गिगाबाइटची साधी साटा एसएसडी घ्यावी, आणि उरलेल्या पैशांत स्कॅनची प्रत ठेवायला बाहेरची फिरती डिस्क. एसएसडी वीज न मिळता दीर्घकाळ पडून राहिली तर तिच्यातला विद्युतभार झिरपू शकतो, त्यामुळे कपाटातल्या साठवणीसाठी फिरती डिस्कच बरी.

बुधवार पेठेतली तापकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, निघण्यापूर्वी जुन्या डिस्कच्या लेबलाचे छायाचित्र जवळ ठेवावे. वापरलेली डिस्क ‘नव्यासारखी’ म्हणून दाखवली, तर ती संगणकाला जोडून एकूण चालू तासांची नोंद पाहावी. ती नोंद डिस्क स्वतःच ठेवते.

नवी डिस्क बसली म्हणून जुनी टाकून देऊ नये. काहीशे रुपयांच्या डबीत बसवून ती यूएसबीने जोडता येते, आणि वाचली जात असेल तोवर मोडी कागदांचे स्कॅन सर्वांत आधी उतरवून घ्यावेत, चित्रपट नंतर. टकटक आवाज येत असेल तर मात्र ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. अशा वेळी तबकडीवर ओरखडे उठून उरलेलेही जाऊ शकते.