एक डोळा आणि दोन चेंडू

परळच्या आमच्या शाळेतला नववीचा एक मुलगा फुटबॉलवेडा आहे. गेल्या वर्षी टॅक्सीच्या अपघातात काच त्याच्या उजव्या डोळ्यात गेली. आता त्या डोळ्याला जेमतेम उजेड कळतो. त्याची आई भेटायला आली. "सर, आता खेळबिळ बंदच ना?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तास बाजूला ठेवून मी वर्गात मन्सूर अली खान पतौडींची हकीकत सांगितली. खेळ वेगळा होता, पण काच तीच.

१ जुलै १९६१. इंग्लंडमधलं होव्ह. ऑक्सफर्ड विद्यापीठाचा वीस वर्षांचा कर्णधार मित्राच्या गाडीत बसला होता. टक्कर झाली आणि काचेचा तुकडा उजव्या डोळ्यात घुसला. डोळा राहिला, नजर गेली. अंतराचा अंदाज आपल्याला दोन डोळ्यांनी मिळून येतो. तो गेल्यावर पेल्यात ओतलेलं पाणी टेबलावर सांडायचं. लेन्स लावली की एकाचे दोन चेंडू दिसायचे, त्यातला आतला निवडून मारायचा. शेवटी टोपी त्या डोळ्यावर ओढून ते खेळू लागले. सहा महिन्यांच्या आत, डिसेंबर १९६१ मध्ये दिल्लीत पहिली कसोटी, आणि जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध १०३ धावा.

मग दुसरा अपघात, पण तो दुसऱ्याचा. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नारी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला, कवटी फुटली. त्यांना रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल होते, आपले उम्रीगर, बोर्डे आणि नाडकर्णीही होते. एका पारशाच्या अंगात कुणाकुणाचं रक्त गेलं, हे मुलांना मी मुद्दाम सांगतो. काँट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. एकवीस वर्षांचे पतौडी कर्णधार झाले.

नवाब होते म्हणून संधी मिळाली, असं म्हणणारे आजही भेटतात. उपकर्णधारपदाबाबत ते थोडंफार खरंही असेल. पण गोलंदाज काही नवाबी बघून चेंडू टाकत नाही. ऑक्टोबर १९६४ मध्ये चर्चगेटच्या ब्रेबॉर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध २५४ धावा हव्या होत्या. पतौडींनी पहिल्या डावात ८६ आणि दुसऱ्यात ५३ केल्या. बोर्डेंनी शेवट गाठून दिला. दोन गडी राखून विजय, आणि दिवस दसऱ्याचा. गिरगावात त्या दिवशी सोनं वाटताना दुसरा विषय निघाला असेल, असं मला वाटत नाही.

१९७१ मध्ये विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने कर्णधारपद दादरच्या अजित वाडेकरांकडे गेलं. पतौडी पुढे त्यांच्याच हाताखाली खेळले. शेवटची कसोटी जानेवारी १९७५ मध्ये, नव्या कोऱ्या वानखेडेवर.

२०११ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार नेत्रदान झालं. आपल्या समाजात यावर अजून वाद चालतो. वाद घालणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की देणाऱ्याकडे चांगला डोळा एकच होता.

तास संपल्यावर तो मुलगा थांबला. "सर, मी उजव्या विंगला खेळलो तर? उजवीकडे नुसती रेषाच असते. सगळं मैदान डावीकडे."

संध्याकाळी त्याच्या आईला मी हेच कळवलं. ती म्हणाली, "आधी डॉक्टरांना विचारते."