कालबाह्य ब्राउझर, मराठी अक्षरे आणि पर्यायाचा शोध (१९९५–२०२२) : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : इंटरनेट एक्सप्लोरर, फायरफॉक्स, युनिकोड, फॉन्ट, मराठी संकेतस्थळे, दस्तऐवज-जतन.

प्रस्तावना :

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने भारतातील सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्याच महिन्यात अमेरिकेत मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. सुमारे सत्तावीस वर्षांनी, १५ जून २०२२ रोजी, विंडोज १० वरील या ब्राउझरची शेवटची, म्हणजे अकरावी आवृत्ती निवृत्त करण्यात आली. या दरम्यान या ब्राउझरने जवळजवळ निर्विवाद सत्ता भोगली, असुरक्षित म्हणून त्याची अपकीर्ती झाली आणि अखेर त्याच्या निर्मात्यांनीच त्याचा त्याग केला.

हा इतिहास सामान्यतः दोन-तीन कंपन्यांच्या स्पर्धेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो मराठी वापरकर्त्याच्या, विशेषतः इस्लामपूरसारख्या तालुक्याच्या गावातील वापरकर्त्याच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. २००४ पासून हा ब्राउझर धोक्याचा आहे हे जाहीर होते आणि विनामूल्य पर्यायही उपलब्ध होता. असे असताना मराठी वाचक पुढील कित्येक वर्षे त्यालाच का चिकटून राहिला, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर अज्ञान किंवा आळस असे नसून, मराठी अक्षरेच त्या ब्राउझरला बांधली गेली होती, असे प्रतिपादन येथे केले आहे. या बांधिलकीतून सुटताना आपण काय मागे सोडून आलो, हा त्याला जोडून येणारा दुसरा प्रश्न आहे.

१. एकाधिकाराची घडण :

१९९३ मध्ये मोझॅक व १९९४ च्या अखेरीस नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरांमुळे महाजाल सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर विंडोज या कार्यप्रणालीसोबतच देण्याचे धोरण स्वीकारले. संगणक घेतला की ब्राउझर आपोआप मिळत असल्याने दुसरा शोधण्याचे कारणच उरले नाही. या धोरणाविरुद्ध अमेरिकी शासनाने मे १९९८ मध्ये खटला दाखल केला. २००१ मध्ये त्यात तडजोड झाली, तोपर्यंत नेटस्केपचा पराभव झाला होता.

ऑगस्ट २००१ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली. प्रतिस्पर्धी उरला नाही तेव्हा सुधारणेची निकडही उरली नाही. सातवी आवृत्ती येण्यास ऑक्टोबर २००६ उजाडले. संगणकाच्या क्षेत्रात पाच वर्षे हा फार मोठा काळ होय. या काळात ‘ॲक्टिव्हएक्स’ नावाच्या, संकेतस्थळाला वाचकाच्या संगणकात शिरून काम करू देणाऱ्या सोयीचा मोठा गैरवापर झाला. जून २००४ मध्ये काही नामांकित संकेतस्थळांच्या सर्व्हरमधूनच वाचकांच्या संगणकांवर घातक आज्ञावली उतरवल्या गेल्या. त्या वेळी अमेरिकेच्या शासकीय संगणक-सुरक्षा पथकाने सुचविलेल्या उपायांत ‘दुसरा ब्राउझर वापरणे’ हाही एक उपाय होता.

पर्याय त्याच वर्षी तयार झाला. नेटस्केपने मार्च १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरची मूळ संहिता जगाला खुली केली होती. त्या संहितेपासून सुरू झालेल्या कार्यातून मोझिला फाउंडेशनचा फायरफॉक्स १.० हा ब्राउझर ९ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसिद्ध झाला. एकाच खिडकीत अनेक पाने उघडण्याची आणि आगंतुक जाहिराती रोखण्याची सोय त्यात होती, आणि मुख्य म्हणजे ॲक्टिव्हएक्स त्यात नव्हते.

२. तालुक्याच्या गावातील वास्तव :

पर्याय उपलब्ध असणे आणि तो हाती येणे यांत अंतर असते. भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली व ती लहान गावांत पोहोचण्यास आणखी काळ लागला. तोवर दूरध्वनीच्या तारेवरून डायल-अप जोडणी हाच आधार होता. विंडोज एक्सपीच्या सुरक्षेसाठी ऑगस्ट २००४ मध्ये आलेला ‘सर्व्हिस पॅक २’ पूर्ण स्वरूपात सुमारे २६६ मेगाबाइटचा होता. सेकंदाला ५६ किलोबिट हा कागदावरील कमाल वेग गृहीत धरला तरी तो उतरवण्यास सुमारे साडेदहा तास लागले असते. प्रत्यक्षात तो वेग कधीच मिळत नसे. शिवाय त्या वर्षांतील भारनियमनात इतका वेळ सलग वीज असणे हीच चैन होती. याउलट फायरफॉक्सची फाइल पाच मेगाबाइटपेक्षाही लहान होती. त्याच हिशेबाने ती अकरा-बारा मिनिटांत उतरली असती. म्हणजे ग्रामीण वापरकर्त्यासाठी जुन्या ब्राउझरची डागडुजी करण्यापेक्षा नवा ब्राउझर घेणे कितीतरी सोपे होते.

दुसरी अडचण परवान्याची होती. अनेक ठिकाणी, विशेषतः सायबर कॅफेत, विंडोजच्या अनधिकृत प्रती चालत. सातवी आवृत्ती आली तेव्हा ती उतरवण्यापूर्वी विंडोजची प्रत अधिकृत असल्याची तपासणी होत असे. ही अट ऑक्टोबर २००७ मध्ये काढण्यात आली. विंडोज ९८ वर तर ती आवृत्ती चालतच नव्हती. परिणामी ज्यांचे संगणक सर्वांत असुरक्षित होते, त्यांनाच सुधारित आवृत्तीचा मार्ग बंद होता.

प्रस्तुत लेखकाला महाविद्यालयीन वयातील एक सायबर कॅफे आठवतो. तेथील प्रत्येक संगणकावर पत्त्याच्या पट्टीखाली तीन-चार अनाहूत पट्ट्या बसलेल्या असत आणि मुखपृष्ठ रोज बदललेले असे. मालकाने संगणकविषयक मासिकासोबत आलेल्या सीडीवरून फायरफॉक्स बसवला होता. तरीही वर्तमानपत्र वाचण्यास येणारा प्रत्येक ग्राहक जुन्या निळ्या ‘ई’वरच बोट ठेवी. त्याचे कारण पुढील भागात आहे.

३. अक्षरांची बांधिलकी :

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९८८ मध्ये तयार झाले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ते स्वीकारले. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतही देवनागरीचा समावेश होता. तथापि मुद्रण व्यवसायाने वेगळीच वाट धरली. प्रत्येक कंपनीने रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवून स्वतःचे फॉन्ट तयार केले. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन चिन्हांचाच राहिला. फॉन्टचा पडदा होता तोवर तो मराठी दिसे.

हाच मजकूर महाजालावर नेताना वाचकाच्या संगणकावर तो फॉन्ट असणे आवश्यक झाले. यावर इंटरनेट एक्सप्लोररच्या १९९७ मधील चौथ्या आवृत्तीने तोडगा दिला. पानासोबत फॉन्टही आपोआप येईल अशी सोय तीत होती. नेटस्केपने वेगळ्या तंत्राने तशीच सोय दिली. पण तिचा वंशज असलेल्या मोझिलाने ती पुढे चालवली नाही. त्यामुळे मराठी वृत्तपत्रांची बहुतेक संकेतस्थळे एकट्या इंटरनेट एक्सप्लोररमध्येच वाचता येऊ लागली. फायरफॉक्समध्ये तेच पान उघडले की रोमन अक्षरांची गिचमिड दिसे. वाचकाच्या दृष्टीने दोष फायरफॉक्सचा होता. तो बिचारा खरे तेच दाखवीत होता, हे कळण्याचे साधन वाचकाकडे नव्हते.

या तंत्राची आणखी एक बाजू अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. असा फॉन्ट विशिष्ट संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधता येत असे. वाचकाने लेख जपून ठेवण्यासाठी फ्लॉपीवर घेतला की पान येई, परंतु अक्षरे येत नसत. महाजालावरील शोधयंत्रांनाही तो मजकूर मराठी म्हणून सापडत नसे. वाचण्याची मुभा होती. जतन करण्याची आणि शोधण्याची नव्हती.

इंटरनेट एक्सप्लोररला सरसकट खलनायक ठरवणेही न्याय्य होणार नाही. युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे व मात्रा विंडोजवर नीट दाखवण्यात तो आरंभी पुढे होता. फायरफॉक्सच्या पहिल्या काही आवृत्त्यांत दोन्ही बाजूंनी समान केलेल्या परिच्छेदांत देवनागरी मजकूर विस्कटत असे. हा दोष २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीत दूर झाला. विंडोज एक्सपीवर तर देवनागरीचा आधार असूनही तो मूळ सीडी घालून वेगळा चालू करावा लागे. ती सीडी किती महाविद्यालयांच्या कपाटात सापडत असे, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको.

या कोंडीवर वापरकर्त्यांनीच काही उपाय काढले. ‘पद्मा’ नावाची फायरफॉक्सची पुरवणी अशा फॉन्टमधील भारतीय भाषांचा मजकूर ओळखून त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करीत असे. प्रत्येक फॉन्टची वेगळी तालिका तिला द्यावी लागे, कारण प्रत्येक कंपनीची अक्षरमांडणी निराळी होती. शिवाय फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी व मग ‘क’ येतो. युनिकोडमध्ये क्रम उलटा असतो. ‘सूर्य’मधील रफार फॉन्टमध्ये ‘य’नंतर, तर युनिकोडमध्ये त्याच्या आधी येतो. ही सर्व फेरमांडणी करणारी ती पुरवणी म्हणजे एका अर्थी लिप्यंतरकारच होती.

४. अर्ज, स्वाक्षरी आणि सक्ती :

दुसरी बांधिलकी शासकीय व शैक्षणिक व्यवहाराची होती. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता मिळाली. पुढे ई-निविदा व तत्सम कामांसाठी स्वाक्षरी जोडणाऱ्या ज्या आज्ञावली तयार झाल्या, त्यांतील अनेक ॲक्टिव्हएक्सवर किंवा जावा ॲपलेटवर आधारलेल्या होत्या. क्रोमने २०१५ मध्ये व फायरफॉक्सने २०१७ मध्ये जावा ॲपलेटचा आधार काढून घेतला, तेव्हा अशा कामांसाठी पुन्हा जुन्याच ब्राउझरकडे वळावे लागले. एका ऑनलाइन अर्जासाठी प्रस्तुत लेखकाला त्या काळात ब्राउझरची सुरक्षा-पातळी मुद्दाम कमी करण्याची सूचना पाळावी लागली होती. सुरक्षित व्यवहारासाठी कुलूप काढून ठेवावे, असा तो प्रकार होता.

दक्षिण कोरियाचे उदाहरण याहून ठळक आहे. तेथे १९९०च्या दशकाच्या अखेरीस बँक व्यवहारांसाठी स्वदेशी सांकेतिकीकरण पद्धती स्वीकारली गेली व ती ॲक्टिव्हएक्सद्वारे वापरात आली. सुरक्षेसाठी केलेल्या या तरतुदीने संपूर्ण देश पुढे दीर्घकाळ एकाच ब्राउझरला बांधला गेला.

५. वारणा खोऱ्यातील धडा :

कालबाह्य साधनाकडून पर्यायाकडे जाण्याचे एक वेगळे उदाहरण आपल्या परिसरातच आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याची योजना होती. कालांतराने त्या संगणकांचा प्रत्यक्ष उपयोग मुख्यतः ऊस उत्पादक व साखर कारखाना यांच्यातील माहितीच्या देवघेवीपुरता उरला आणि देखभालीचा भार मात्र कायम राहिला. २००६–०७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच भारतातील संशोधन विभागाने सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशांवर ती देवघेव चालवून पाहिली व ती कमी खर्चात साधली.

येथे बदल सुलभ झाला, कारण माहिती साधी होती : शेतकरी, वजन, रक्कम. ती कोणत्याही एका यंत्राच्या अक्षरांत अडकलेली नव्हती. मराठी वृत्तपत्रीय मजकुराचे नेमके याउलट झाले होते.

६. सुटका :

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला तो युनिकोडमध्ये. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टात देवनागरी मूळचीच होती. २०००च्या दशकाच्या उत्तरार्धात वृत्तपत्रे क्रमाक्रमाने युनिकोडकडे वळली. २००९ मध्ये केंद्र शासनाने शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली व ई-प्रशासनासाठी युनिकोडला मानक म्हणून मान्यता दिली. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला होताच. जानेवारी २०१० मध्ये गुगलसह अनेक कंपन्यांवरील हल्ल्यात इंटरनेट एक्सप्लोररमधील त्रुटी वापरल्याचे उघड झाल्यावर जर्मनी व फ्रान्सच्या शासकीय सुरक्षा संस्थांनी तो तूर्त न वापरण्याचा सल्ला दिला. मार्च २०११ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सहाव्या आवृत्तीच्या निरोपाची मोहीम सुरू केली.

हा कालक्रम बोलका आहे. सुरक्षेचे इशारे २००४ पासून होते. मराठी वाचकाला निवडीचे स्वातंत्र्य मात्र अक्षरे सार्वजनिक मानकावर आल्यानंतरच मिळाले.

७. मागे राहिलेले दप्तर :

इतिहासाच्या अभ्यासकाला खरी चिंता येथून पुढे आहे. साधारण १९९७ ते २००८ या काळात महाजालावर प्रसिद्ध झालेला मराठी मजकूर बव्हंशी फॉन्टबद्ध आहे. त्यासोबतच्या फॉन्ट-फायली उघडू शकणारा मुख्य ब्राउझर २०२२ मध्ये निवृत्त झाला. पाने कोठे जतन झाली असली तरी त्यांचे फॉन्ट जतन झाले असतीलच असे नाही. महाविद्यालयांची स्थिती वेगळी नाही. त्या वर्षांचे वार्षिक अंक, स्मरणिका व अहवाल पेजमेकरमध्ये, कोणत्या तरी फॉन्टमध्ये जुळवलेले असून त्यांच्या सीडी कपाटात पडून आहेत.

येथे मोडीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मोडीचा व्यवहारातील वापर विसाव्या शतकाच्या मध्यास संपला. बाळबोध लिपीचा स्वीकार सोयीचा होता, यात शंका नाही. परंतु पुण्याच्या पेशवे दप्तरातील कोट्यवधी कागद वाचणारे आज मोजकेच उरले आहेत. फॉन्टबद्ध मजकूर ही आपल्या पिढीची मोडी होय. फरक इतकाच, की मोडीचा कागद जाणकाराला आजही वाचता येतो आणि २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्येही स्थान आहे. फॉन्टबद्ध फाइलची तालिका हरवली, तर ती वाचणारा शिकवून तयार करता येणार नाही. अक्षर-अक्षर जुळवून तालिका नव्याने उलगडावी लागेल.

निष्कर्ष :

१. मराठी वापरकर्ता असुरक्षित ब्राउझरला चिकटून राहिला तो मुख्यतः फॉन्ट, अर्ज, परवाना आणि जोडणीचा वेग या बाह्य कारणांमुळे.
२. पर्याय निर्माण होणे पुरेसे नसते. ज्या मजकुरासाठी साधन वापरले जाते तो मजकूर साधनापासून मुक्त असावा लागतो.
३. मराठीच्या बाबतीत ही मुक्ती युनिकोड या सार्वजनिक मानकाने दिली.
४. बदल करताना जुन्या मजकुराच्या रूपांतराची जबाबदारी कोणीच घेतली नाही, त्यामुळे सुमारे दहा वर्षांच्या मराठी लेखनाचा ऐवज धोक्यात आहे.

समारोप :

जानेवारी २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा एज हा ब्राउझरही क्रोमच्याच मूळ संहितेवर आधारलेला आहे. ‘केवळ क्रोममध्येच उघडावे’ अशी सूचना असलेले अर्ज आजही भरावे लागतात. ब्राउझरचे नाव बदलले, सवय बदलली नाही. अशा सूचनेला आपण हरकत घेतली पाहिजे. त्याचबरोबर प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने व मराठी-इतिहास विभागांनी आपल्या जुन्या वार्षिक अंकांच्या फाइली, त्यांचे फॉन्ट आणि त्या फॉन्टची नावे यांची नोंद करून युनिकोड रूपांतराचे काम हाती घ्यावे. ते फॉन्ट बसवलेले संगणक आणि ते जुळारी अद्याप आपल्यात आहेत, तोवरच हे काम शक्य आहे.