तंजावरी मराठी

तंजावरची मराठी 'अशुद्ध' आहे असं आपल्याकडचे लोक हसत हसत म्हणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. अहो, अशुद्ध कशाच्या मानाने?

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६च्या सुमारास तंजावरची गादी घेतली. त्यांच्याबरोबर गेलेल्या माणसांची बोली सतराव्या शतकातली. मोल्सवर्थचा कोश आला १८३१ साली; शाळेच्या पुस्तकांतून पुण्याची भाषा 'प्रमाण' ठरली ती त्यानंतर. म्हणजे ज्या मापाने आपण त्यांना मोजतो, ते माप त्यांनी घर सोडलं तेव्हा तयारच नव्हतं!

बरं, तिकडे गेल्यावर ते काही भाषा विसरून बसले नव्हते. व्यंकोजींचा मुलगा शहाजी याने मराठीत नाटकं लिहिली. दुसऱ्या सरफोजीने तर १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतला. सरस्वती महालात मोडीतली दप्तरं आहेत. १८५५ साली राज्य खालसा झालं, दरबार गेला आणि मराठी उरली घरात, चुलीपाशी, देवापुढे. उंबऱ्याबाहेर सगळी तमिळ. तमिळ शब्द येणारच की! आपण 'टेबल' म्हणतो तेव्हा कोण हसतं?

नुसत्या हसण्याचं मला काही वाटत नाही. पण तिकडच्या कित्येक मुलांना देवनागरी वाचता येत नाही, मराठी आजीशी बोलण्यापुरतीच. ती पुण्यामुंबईला आली, चार माणसं हसली, की पुढचं वाक्य इंग्रजीत येतं.