कोरी पाटी आणि जुनी अक्षरं

गेल्या महिन्यात नवा लॅपटॉप घेतला. उघडून पाहतो तर आत आधीच बिनबोलावलेल्या पाहुण्यांची गर्दी. खेळ, जाहिराती, महिनाभराच्या मुदतीचा अँटिव्हायरस. भाचा म्हणाला, "मामू, सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकू या."

मला हा अतिरेक वाटला. पण इतिहास भाच्याच्या बाजूनं होता. २०१४मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपांत सुपरफिश नावाचा जाहिरातींचा प्रोग्रॅम विक्रीआधीच भरलेला होता. २०१५मध्ये त्याचा बभ्रा झाला. सुरक्षित संकेतस्थळांच्या व्यवहारातही तो शिरत असे, आणि नुसता काढून टाकला तरी त्याचं प्रमाणपत्र यंत्रात मागे राही. म्हणून पेनड्राइव्हवर मूळ विंडोज उतरवून घ्यायचं, डिस्क पुसायची आणि पाटी कोरी करायची.

पाटी कोरी झाली. मी अम्मीवरची कविता उघडली. १९९८मध्ये, ती गेली त्या वर्षी टाइप केलेली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा!

दोष पुसण्याचा नव्हता. त्या काळच्या बहुतेक मराठी फाँटांत आपली अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत. फाँट गेला की मराठी गेली. १९९१मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. 'क'चा क्रमांक २३२५, कुठल्याही फाँटात तोच. विंडोज २०००मध्ये देवनागरीची सोय आली, तरी आमच्यासारखे कितीतरी जण जुन्या फाँटालाच चिकटून राहिले.

भाच्यानं रूपांतराचा प्रोग्रॅम चालवला. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर नोंदली जाते. तेवढं प्रोग्रॅमनं सांभाळलं, पण रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले. ते मी रात्री एकेक करून जागेवर आणले. अम्मीची कविता सत्तावीस वर्षांनी पुन्हा ओळ न् ओळ वाचली, ती अशी.

तुमच्याही कपाटात अशी एखादी सीडी असेल. जुनं यंत्र भंगारात देण्याआधी ती एकदा उघडून पाहा.