पाण्यावरील वाट : हक्क की कर्तव्य?

कायद्यास कल्पिताचे वावडे नसते. जे नाही ते आहे असे मानल्याशिवाय कित्येकदा व्यवहाराचा गाडा पुढे सरकत नाही, आणि मग न्यायशास्त्र निःशंकपणे दत्तकास औरसाच्या पंक्तीस बसविते व देवळातील मूर्तीस मिळकतीची मालक समजते. याच जातीचे, पण याहूनही विलक्षण असे एक कल्पित १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिस येथे स्वाक्षऱ्या झालेल्या आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या करारात आढळते. पाण्यावर स्वतःच्या यंत्राच्या बळाने चालणारे विमान ही आगबोटच आहे असे समजावे, आणि समुद्रावरील टक्कर टाळण्याचे नियम तिने पाळावे, असे त्या कराराच्या एका परिशिष्टात सांगितले आहे. मात्र त्यास जोडूनच असेही म्हटले आहे की, आगबोटींनी द्यावयाचे भोंग्याचे इशारे या नव्या आगबोटीने, एकदोन अपवाद वगळता, देऊ नयेत. इतकेच नव्हे, तर इतरांनी दिलेले इशारे तिला ऐकू येतात असेही मानू नये. विमान पाण्यास टेकताच आगबोट झाले खरे, पण बहिरी आगबोट झाले!

हे कलम वाचून हसू येते. पण ते लिहिणारे व्यवहारज्ञ होते. एंजिनाच्या घरघराटात वैमानिकाच्या कानी भोंगा पडणे कठीण, हे ते ओळखून होते. जुन्या पाण्यावर नवे यान आले म्हणजे काय अडचण पडते, याची ती पहिली कबुली होय. ती अडचण आज शंभर वर्षांनंतरही पुरती सुटलेली नाही. तिचा इतिहास थोडक्यात पाहणे उद्बोधक ठरेल.

पाण्यावर कोणी कोणास वाट द्यावी हा प्रश्न विमानाहून पुष्कळ जुना आहे. जमिनीवरील रस्त्यास कडा असतात, पाण्यास त्या नसतात. म्हणून तेथे वाट आखून देता येत नाही, वागणूक मात्र ठरवून देता येते. शिडांच्या युगात ही वागणूक वाऱ्याच्या रोखावरून ठरे. पुढे आगबोटी आल्या आणि वाऱ्याची पर्वा न करणारे जहाज व वाऱ्याचे बांधील असलेले जहाज यांची गाठ पडू लागली. १८६३ साली इंग्लंड व फ्रान्स यांनी मिळून जे नियम अंमलात आणले व जे लवकरच इतर अनेक दर्यावर्दी राष्ट्रांनी उचलले, त्यांत याचा निवाडा स्पष्ट होता : आगबोटीने शिडाच्या जहाजास वाट द्यावी. बळकट, वेगवान आणि धनवान अशा पक्षावर ओझे टाकणारा हा नियम त्या काळच्या वृत्तीशी विसंगत वाटण्याजोगा आहे. परंतु त्यामागे दयाबुद्धी नव्हती, हिशेब होता. ज्यास वळणे सोपे त्याने वळावे, हेच टक्कर टाळण्याचे सर्वांत खात्रीचे साधन होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. लोक ‘वाटेचा हक्क’ असा शब्द सर्रास वापरतात. परंतु आज जगभर चालू असलेले १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम पाहिले तर त्यांत कोणाच्याही पदरी हक्क टाकलेला नाही. एकाने बाजूस व्हावे, हे एक कर्तव्य. दुसऱ्याने आपली दिशा व वेग कायम ठेवावा, म्हणजे पहिल्यास त्याचा अंदाज चुकणार नाही, हेही कर्तव्यच. आणि पहिल्याच्या एकट्याच्या हालचालीने आता टक्कर टळत नाही, इतके अंतर कमी झाले, तर दुसऱ्यानेही होईल ते करून ती टाळली पाहिजे. ‘वाट माझी होती’ असे म्हणत जहाज बुडवून घेणाऱ्या तांडेलास समुद्राचा कायदा शाबासकी देत नाही.

अशा या कर्तव्यांच्या जगात जलविमान अवतरले. २८ मार्च १९१० रोजी आंरी फाब्र या फ्रेंच मनुष्याने मार्सेयजवळच्या बेर सरोवरावरून पन्नास अश्वशक्तीच्या एंजिनाचे आपले यान पाण्यातून वर उचलले. पुढल्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत ग्लेन कर्टिस याने सॅन डिएगोच्या उपसागरात तोच पराक्रम केला. हवेत हे यान पक्ष्यासारखे चपळ. पण पाण्यावर त्याची दशा निराळीच. त्यास रोध नसतो. एंजिन मंद केले तरी पंखा त्यास पुढे ओढीतच राहतो. वारा सुटला की मंदिरावरील वातकुक्कुटाप्रमाणे ते आपण होऊन वाऱ्याकडे तोंड फिरविते. उड्डाणासाठी धाव घेताना आरंभी त्याचे नाक इतके वर येते की वैमानिकास समोरचे पाणी नीट दिसत नाही. आणि पुढे वेग आल्यावर, एखादी लहान होडी आडवी आली तर वळण्यास उसंत उरत नाही. आगबोटीने शिडाच्या जहाजास वाट द्यावी हा नियम ज्या तत्त्वावर उभा होता ते तत्त्व येथे डळमळते. हे यान सर्वांत समर्थ म्हणावे, की सर्वांत असहाय?

न्यायालयांचीही या यानाने अशीच तारांबळ उडविली. न्यूयॉर्कजवळ ग्रेव्हझेंडच्या उपसागरात नांगरलेले एक जलविमान नांगरासकट वाहू लागले. ते वळविण्यासाठी पाण्यात उतरलेल्या एका कामगारास पंख्याचा तडाखा बसला. त्यास राज्याच्या कामगार-कायद्याने भरपाई मिळावी काय, या वादात १९२१ साली न्यायमूर्ती कार्डोझो यांनी असा निर्णय दिला की, विमान पाण्यावर तरंगत असेतोवर ते जहाजच होय. अर्थात प्रकरण सागरी कायद्याच्या कक्षेत गेले व राज्याच्या कायद्याची भरपाई हातची गेली. याच्या उलट १९४३ साली इंग्लंडात प्रश्न निघाला तो विम्याचा. एका जहाजाने उडत्या नौकेस धक्का दिला होता, आणि विमापत्रात ‘दुसऱ्या जहाजाशी’ झालेल्या टकरीचीच जोखीम घेतलेली होती. न्यायमूर्ती ॲटकिन्सन यांनी सांगितले की, ज्याचा मुख्य धर्म उडणे आहे ते जहाज नव्हे. एकाच वस्तूविषयीचे हे दोन निवाडे. एकाने ती या घटकेस कोठे आहे ते पाहिले, दुसऱ्याने ती कशासाठी जन्मली ते पाहिले.

या घोटाळ्यातून वाट काढली ती १९४८ साली लंडन येथे भरलेल्या परिषदेने. तेथे सुधारलेले नियम १ जानेवारी १९५४ पासून अंमलात आले, आणि त्यांतील जलविमानाविषयीचे सूत्र १९७२ च्या नियमांतही कायम आहे. ते दोन पायऱ्यांचे आहे. पहिली पायरी अशी की, पाण्यावरील जलविमानाने सामान्यतः सर्व जहाजांपासून चांगले दूर राहावे व त्यांच्या संचारास अडथळा करू नये. दुसरी अशी की, इतके करूनही टकरीचा धोका उत्पन्न झालाच, तर त्याने यंत्रचालित जहाजाप्रमाणे नेहमीचे नियम पाळावे. म्हणजे उतरण्याची जागा व वेळ निवडताना दूरदृष्टी त्याने दाखवावयाची, कारण आकाशातून सारे पाणी त्यास दिसते आणि न उतरण्याचे स्वातंत्र्यही त्यालाच असते. पाण्यास टेकल्यावर मात्र ते चारचौघांसारखे. समर्थ की असहाय, या प्रश्नास हे उत्तर मार्मिक आहे : समर्थ असताना वापरावयाची शक्ती असहाय होण्यापूर्वीच वापर, असे ते सांगते. जाळी टाकून बसलेल्या मच्छीमाराचे स्थान या क्रमात जलविमानाच्या कितीतरी वर आहे.

नियम झाला तरी व्यवहार आपली सोय पाहतोच. १९३७-३८ पासून इंग्लंडहून पूर्वेकडे जाणाऱ्या इंपीरियल एअरवेजच्या उडत्या नौका कराचीनंतर मेवाडातील राजसमंद, शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातील माधोसागर, अलाहाबादची यमुना व कलकत्त्याची हुगळी अशा पाण्यांवर उतरत. महाराणा राजसिंहाने सतराव्या शतकात बांधविलेल्या तलावावर वाट कोणाची हा प्रश्न फारसा उद्भवण्याचे कारण नव्हते. होड्यांनी गजबजलेल्या हुगळीची गोष्ट वेगळी. साउदॅम्प्टनसारख्या ठाण्यांवर विमान येण्यापूर्वी एक यांत्रिक होडी उतरण्याच्या पट्ट्यावरून फिरून वाहत आलेले ओंडके व चुकार नावा दूर करी. पाणी क्षणभर झाडून घेतले जाई, आणि विमान गेल्यावर पुन्हा सर्वांचे होई. या क्षणभराच्या सोयीत पुढील वादाचे बीज होते.

कारण हीच सोय कायमची झाली की पाण्यास कडा फुटतात. नकाशावर रेषा येते, बोये टाकले जातात, आणि ‘जल-विमानतळ’ हा शब्द रूढ होतो. केवळ सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहिले तर यात गैर काही नाही. कॅनडातील व्हँकूव्हर बंदरात विमानांच्या उड्डाणाचे क्षेत्र नकाशावर दाखविलेले असूनही ८ जून २०२४ रोजी उड्डाण घेणारे जलविमान व एक सहलीची नौका यांची टक्कर झाली आणि नौकेतील माणसे जखमी झाली. अशा ठिकाणी निदान रेषा तरी हवी, हे कोणीही मान्य करील. परंतु रेषा आखताच जुना क्रम गुपचूप उलटा होतो, हेही तितकेच खरे. ज्याने सर्वांपासून दूर राहावे तो घरधनी होतो, आणि ज्याचे पूर्वज त्या पाण्यावर जाळी टाकीत आले तो आगंतुक ठरतो.

केरळातील कोळ्यांनी हे ओळखले. २ जून २०१३ रोजी कोल्लमच्या अष्टमुडी सरोवरावर जलविमानसेवेचे उद्घाटन झाले, पण आलप्पुळा येथील पुन्नमडा सरोवरात मच्छीमारांनी विरोध केल्यामुळे विमान तेथे उतरू शकले नाही. हा विरोध प्रगतिद्वेष्ट्यांचा हट्ट म्हणून हिणविणे सोपे आहे. वस्तुतः जो क्रम लंडनच्या परिषदेने लिहून ठेवला, तोच ते आपल्या परीने सांगत होते. गुजरातेत सरदार सरोवराच्या परिसरातील तलावातून जलविमानासाठी २०१९ साली मगरी हलविण्यात आल्या. त्यांना विरोध नोंदविण्याची सोय नव्हती. आपल्या मुंबईतही ९ डिसेंबर २०१७ रोजी गिरगाव चौपाटीसमोर जलविमानाचे प्रात्यक्षिक झाले. ज्या किनाऱ्यावर कोळीवाडे अद्याप नांदत आहेत, तेथे हा प्रश्न आज ना उद्या येणारच.

तो आला म्हणजे जलविमान हवे की नको, एवढाच वाद घालून भागणार नाही. पट्टा कितीसा लागतो, दिवसातून किती वेळ लागतो, भरती-ओहोटीच्या व मासेमारीच्या वेळा सांभाळून तो ठरविता येतो काय, आणि तो ठरविताना त्या पाण्यावर पोट भरणाऱ्यास विचारले काय, हे प्रश्न पुढे यावयास हवेत. साउदॅम्प्टनची ती होडी पाणी झाडून पुन्हा मोकळे करीत असे, हे या कामी आठवण्याजोगे आहे. ज्यास वळणे सोपे त्याने वळावे, हा नियम समुद्राने दीडशे वर्षांहून अधिक काळ पाळला. आकाशातून खाली येणाऱ्यास वळण्यासाठी अवघे आकाश मोकळे असते. जाळे टाकून बसलेल्या होडीस तेवढी मोकळीक नसते.