उपग्रह, रस्ते आणि गावांची नावे

परमुलुखात स्वतःच गाडी हाकीत सुट्टी घालविण्याची चाल आता आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांतही रुळली आहे. मुले युरोप-अमेरिकेत नोकरीला, आईवडील उन्हाळ्यात त्यांच्याकडे, आणि गाडीच्या काचेपाशी रस्ता सांगणारे यंत्र. 'पुढे तीनशे मीटरवर उजवीकडे वळा' असे ते बजावते आणि आपण निमूटपणे वळतो. ही विद्या मुळात कोणासाठी जन्मली, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ती जन्मली पाणबुड्यांसाठी, आणि तीही एक प्रश्न उलटा करून विचारल्यामुळे.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने 'स्पुटनिक' आकाशात सोडला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ त्याचा संदेश ऐकू लागले. आगगाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढा वाटतो, दूर जाताना उतरतो. तसाच हा सूरही बदलत होता. त्या बदलावरून त्यांनी गणिताने उपग्रहाची कक्षा काढली. पुढल्या वर्षी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्ल्यूर यांनी त्यांच्यापुढे उलटे कोडे टाकले. कक्षा आधीच ठाऊक असेल, तर ऐकणारा कोठे उभा आहे हे सांगता येईल काय? पोलारिस क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या पाणबुड्यांना भर समुद्रात आपला ठावठिकाणा कळणे निकडीचे होते. त्यातून 'ट्रान्झिट' योजना निघाली आणि १९६४ पासून अमेरिकेचे नौदल ती वापरू लागले. आज ज्याला आपण जीपीएस म्हणतो त्याचा पहिला उपग्रह १९७८ चा. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारा चोवीस उपग्रहांचा ताफा पुरता कामाला लागल्याचे जाहीर झाले ते १९९५ साली.

लष्कराची ही वस्तू सामान्यांच्या हाती आली त्यामागे एक शोकांतिका आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून रशियाच्या हद्दीत शिरले आणि साखालिन बेटाजवळ पाडले गेले. २६९ माणसे गेली. त्यानंतर दोनच आठवड्यांत अध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले. तरी नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसे. एवढ्या फरकाने शहरातली गल्ली कशी सापडणार? मे २००० च्या आरंभी अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती चूक काढून टाकण्यात आली, आणि तेथून मोटारीतल्या यंत्रांचे खरे दिवस सुरू झाले. हॉलंडच्या 'टॉमटॉम' कंपनीचे काचेवर चिकटविण्याचे यंत्र २००४ साली बाजारात आले.

म्हणजे 'मी कोठे आहे' हा प्रश्न सुटला. 'मला कोठे जायचे आहे' हा मात्र आकड्यांचा प्रश्न नाही, तो नावांचा आहे. २००९ साली एक स्वीडिश जोडपे इटलीत काप्री बेट पाहायला निघाले. यंत्रात अक्षरांची अदलाबदल झाली आणि ते पोचले उत्तरेकडच्या कार्पी या औद्योगिक गावी, साडेसहाशे किलोमीटर दूर. तेथल्या पर्यटन कचेरीत त्यांनी काप्रीच्या प्रसिद्ध निळ्या गुहेची वाट विचारली! २०१६ मध्ये आइसलंडला गेलेल्या एका अमेरिकन प्रवाशाच्या पत्त्यात एक 'र' जादा पडला होता. राजधानीतल्या हॉटेलाऐवजी तो उत्तर टोकाच्या सिग्लुफ्योर्दुर गावात जाऊन थडकला. दोन्ही वेळा उपग्रहांनी आपले काम चोख केले होते.

बेल्जियमची गोष्ट याहून निराळी. तेथे अक्षर चुकावे लागत नाही. मुलगी-जावई आइंडहोवनला असतात. त्यांच्याबरोबर पॅरिसला जाताना अँटवर्प, गेंट असा रस्ता लागला. यंत्र सांगत होते, 'लीलच्या दिशेने चला'. रस्त्यावरच्या निळ्या फलकांवर लील कोठेच नव्हते, होते 'रैसल'. जावईबापू गोंधळले. मला मात्र गंमत वाटली, कारण एका गावाला दोन नावे हे आम्हां सीमाभागातल्या माणसांना बाळकडूतच मिळते. फ्रान्समधल्या लीलचे डच नाव रैसल, आणि व्युत्पत्ती पाहिली तर दोन्हींच्या पोटात एकच शब्द दडलेला: बेट. 'मों' या फ्रेंच नावाच्या शहराला डच लोक 'बेर्गन' म्हणतात. दोन्हींचा अर्थ डोंगर. लियेजला तर तीन नावे, तिसरे जर्मन.

हे फलक असे का, याचे उत्तर १९६२-६३ च्या कायद्यांत आहे. त्यांनी बेल्जियमची भाषासीमा कायम केली. सीमेच्या उत्तरेला फलक डच, दक्षिणेला फ्रेंच; ब्रुसेल्समध्ये तेवढे दोन्ही. शेजाऱ्याच्या गावाचे नावही आपल्याच भाषेत लिहायचे. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे सरकारी नाव बदलले, पण घराघरांत ते बेळगावच राहिले. त्यामुळे त्या फलकांपुढे परके वाटले नाही, एवढे मला नमूद केलेच पाहिजे.

त्या कायद्यांची सर्वांत मोठी झळ बसली ती लियेजच्या ईशान्येकडील सहा खेड्यांना. डच भाषेत त्यांचे नाव फूरेन, फ्रेंचमध्ये फूरों. १९६३ साली ती फ्रेंचभाषक लियेज प्रांतातून काढून डचभाषक लिम्बुर्गला जोडली गेली. तेव्हापासून मोर्चे, मारामाऱ्या, फलकांवरील नावांना काळे फासणे, सारे काही झाले. पुढे तेथे डच न बोलणारे जोझे हापार महापौर झाले. त्यांनी पदावर राहावे की नाही यावरून देशभर रण माजले आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये त्या पेचातून पंतप्रधान विल्फ्रीड मार्टेन्स यांचे सरकार गडगडले. त्या सहा खेड्यांची मिळून वस्ती चार हजारांच्या आसपास आहे.